कळकलेला डोंगर

साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की आमच्याकडची हवा बदलते. देवळाली प्रवरेकडून वारं आलं की त्यात मळीचा वास असतो. गोड, आंबट, थोडा कुजकट. बाहेरचा माणूस नाकाला रुमाल लावतो. मी राहुरी सोडली की स्कूटी हळू करते आणि तो वास छातीभर घेते. यंदाही घेतला. ऊसतोडीच्या टोळ्या आल्यात, उसाच्या वाळक्या पाल्याच्या, पाचटाच्या झोपडीवजा कोप्या उभ्या राहिल्यात, बैलगाड्यांच्या घुंगरांनी रस्ता भरलाय, आणि मला ऊस आठवत नाही. मला ताक आठवतं. वाडग्यात रात्रभर राहून हिरवं पडलेलं ताक.

ज्यांच्या घरात आता सगळी भांडी स्टीलची आहेत त्यांच्यासाठी सांगते. पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा हात देतात, ती कल्हई. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट ठेवलं की ते कळकतं. आंबट पितळेला खातं, आणि पदार्थ हिरवा, तुरट, विषारी होतो. लहानपणी आमच्याकडे एकदा असं ताक कळकलं तर आईने ते कुत्र्यालासुद्धा घातलं नाही. लांब नेऊन खड्ड्यात ओतलं, वर माती लोटली आणि कोंबड्या दिवसभर कोंडून ठेवल्या. पुढे मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले, ॲसिड आणि धातूची समीकरणं लिहून मार्क मिळवले. पण ती गोष्ट मला त्या खड्ड्याच्या काठावरच कळलेली होती.

आमच्या घरात पदवी घेणारी पहिली मीच. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. ज्यांच्या घरात पदव्या भिंतीवर टांगलेल्या असतात त्यांना यात बढाई दिसते. दिसू दे.

नोकरी मिळाली ती नगरच्या कडेला, पितळेच्या फाउंड्रीत. नळाच्या तोट्या आणि पंपाचे भाग ओतायचे. मी केडगावात खोली घेऊन राहायचे आणि रोज सकाळी डबा घेऊन पोचायचे. काम असं की ओतलेल्या मालाचा तुकडा तपासायचा, तांबं किती, जस्त किती ते सांगायचं. पितळ वितळलं की त्याच्यावर काळपट साय धरते. भट्टीवरची माणसं लांब दांड्याच्या पळीने ती काढतात आणि मागे नेऊन टाकतात. त्या सायीला स्लॅग म्हणतात. वर्षानुवर्षं टाकून टाकून फाउंड्रीच्या मागे तिचा ढीग झाला होता, आणि सगळे त्याला डोंगर म्हणायचे. लांबून काळा दिसायचा. जवळ गेलं की हिरवा. पावसाळ्यात त्याच्या पायथ्यापासून कुंपणापर्यंत एक हिरवट ओघळ जायचा आणि त्या ओघळाच्या दोन्ही बाजूंना गाजरगवतसुद्धा उगवायचं नाही. जिथे गाजरगवत यायला तयार नाही तिथे काहीतरी बिघडलेलं आहे, एवढं ओळखायला कॉलेज लागत नाही. पण शेतकऱ्याच्या घरात जन्म लागतो. फाउंड्रीत इतर कुणी त्या ओघळाकडे बघितलेलंही मला आठवत नाही.

एकदा आण्णा, म्हणजे माझे वडील, बाजरीचं पीठ द्यायला नगरला आले. मी त्यांना कौतुकाने फाउंड्री दाखवली. भट्टी बघितली, माझं टेबल बघितलं, काचेची नळी बघितली, पुढे चालले. मागच्या दारातून डोंगर दिसला आणि तिथे मात्र थांबले. चपलेने खडा दाबून बघितला. कडक होता, फुटला नाही.

"ह्ये असंच पडलंय व्हय?"

मी म्हटलं, असंच पडलंय.

त्यांच्या डोळ्यांत काय आलं ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. आमची वस्ती गावापासून आत. काळी जमीन, पाटाचं पाणी, वर उसाच्या ट्रॉल्या. डांबरीपासून वस्तीपर्यंतचा शेतरस्ता बारा महिने खचलेला. ट्रॉली रुतली की दुसरा ट्रॅक्टर आणायचा, तोही रुतायचा. आमच्या वस्तीचं नाव काढलं की टोळीचा मुकादम आभाळाकडे बघायचा, आणि तोडलेला ऊस बांधावर वाळत पडायचा. मुरूम आणायचा तर जवळ चांगला मुरूम राहिला नाही. अशा माणसाला फुकटचा, कडक, काळ्या खड्यांचा डोंगर दिसला. आण्णांनी घरी जाऊन मारुतीच्या पारावर सगळ्यांना सांगून टाकलं की माझी पोरगी कंपनीत हाय, रस्ता आता झालाच म्हना. माझे चुलते, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, त्यांचा ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या. साखर कारखाना बंद झाला की ट्रॉल्या मोकळ्या होतात. तेव्हा वाहून आणायचं, असं ठरलंसुद्धा. आणि आमच्या फाउंड्रीचे मालक, शेठ, त्यांनाही मागची जागा मोकळी हवी होती. फुकट कुणी नेतंय म्हटल्यावर त्यांनी मला बोलावून शाबासकी दिली.

सगळे खूष होते. नको म्हणणारी एकटी मी.

कारण तो शेतरस्ता आमच्या सामाईक विहिरीला खेटून जातो. अख्खी वस्ती त्या विहिरीचं पाणी पिते. वरचं पाटाचं पाणी रस्त्याखालून झिरपतच विहिरीत उतरतं. मी सुट्टीच्या दिवशी घरी गेले आणि पारावर उभी राहून सांगितलं की हा मुरूम नाही, यात तांबं आहे, जस्त आहे, शिसं आहे. ते पाण्यात उतरेल. मी आणू देणार नाही.

आमच्याकडे मुलीने पारावर उभं राहून बोलायची पद्धत नाही. नाना माझ्याकडे न बघता आण्णांना म्हणाले की पोरगी शिकली, केडगावात फरशीवर चालती, तिला चिखल कशाला आठवंल. बाया म्हणाल्या, आमी रोज त्यातून पोरं शाळंत पाठवतो. ते खरंच होतं. त्या रस्त्याने मीही एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात दप्तर घेऊन गेलेली आहे. म्हणून तर मला त्यांच्याशी गोड बोलता येत नव्हतं.

मी पिशवीतून स्लॅगचे खडे आणले होते. आईकडून आंबट ताक मागून घेतलं, काचेच्या वाडग्यात खडे टाकले, वर ताक ओतलं आणि पारावर ठेवलं. झाकलं आणि म्हटलं, सकाळी बघा. सकाळी सगळे जमले. ताकाला हिरवी झाक आली होती. म्हाताऱ्या बायांनी लांबूनच ओळखलं आणि पदर तोंडाला लावला.

"कळकलं की गं," एक म्हणाली.

मी विचारलं, बिनकल्हईच्या पातेल्यातलं ताक पोराला पाजाल का? मग पातेल्यांचा डोंगर विहिरीच्या कडेला कशाला आणून ओतताय?

वाटलं, जिंकले. पण नाना माझेच चुलते. ते म्हणाले, "विहिरीत काय ताक असतंय का?"

हशा झाला. मी सांगितलं की पाचट कुजतं त्यातही आंबट असतं, खतं असतात, पाऊस असतो, ताकाला एक रात्र लागली तर विहिरीला काही पावसाळे लागतील. नाना म्हणाले, काई पावसाळं लई झालं, रस्ता आत्ता पायजे. आण्णांनी पारावर शब्द दिला होता आणि तो शब्द त्यांच्याच पोरीने मोडायला घेतला होता. जेवताना त्यांनी माझ्याकडे भाकरीची टोपलीसुद्धा सरकवली नाही.

आता मागे वळून बघते तर वाटतं, मी नुसती नको म्हणत राहिले असते तर हरले असते. नको म्हणायला कुणाचीच ना नसते. नको म्हणणाऱ्याच्या अंगावरून ट्रॉली जाते. सोमवारी मी शेठसमोर गेले आणि सांगितलं की मागे जे पडलंय तो कचरा नाही, तुमचंच तांबं आहे, मी ते काढून दाखवते. शेठ हसले. त्यांच्या वडिलांपासून तो ढीग पडलेला, कुणाला काही सापडलं नाही आणि कालची आलेली पोरगी तांबं काढणार. पण व्यापारी माणूस, तांब्याचं नाव ऐकून सगळं हसू टिकत नाही. ते म्हणाले की कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत मुदत. पट्टा पडला म्हणजे गाळप संपलं. तोवर दाखव, नाहीतर तुझ्या काकाच्या ट्रॉल्या येतील आणि डोंगर तुझ्या गावाला जाईल.

असा तो हंगाम. नगर जिल्ह्यात सगळे त्या थंडीत ऊस कधी तुटेल याची वाट बघत होते, आणि मी एकटी गाळप लांबावं म्हणून देवाला हात जोडत होते.

काम सांगायला सोपं आहे. स्लॅग बारीक कुटायचा. प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये पाणी घ्यायचं, त्यात सल्फ्युरिक ॲसिड थोडं थोडं सोडायचं, मग स्लॅग टाकून ढवळत राहायचं. तांबं आणि जस्त पाण्यात उतरतं. शिसं उतरत नाही, गाळात बसून राहतं. मग ते पाणी गाळून त्यात लोखंड टाकलं की तांबं लोखंडावर येऊन बसतं आणि जस्त पाण्यात उरतं. एक नियम मात्र मोडायचा नाही: पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडात पाणी नाही. तापलेल्या तेलात पाण्याचा हबका मारल्यासारखं अंगावर येतं. शेठनी सल्लागाराकडून परवानगीचे कागद करून घेतले, पत्र्याची शेड दिली, खाली सांडलेलं अडवायला सिमेंटचा हौद बांधून दिला. माणूस मात्र दिला नाही. भट्टीवरची माणसं म्हणायची, ताई, शिकून शेवटी राखच उपसायची होती तर आमच्यासारखं आधीच यायचं. मी म्हणायचे, राख उपसायलासुद्धा शिकावं लागतं, या, शिकवते. कुणी यायचं नाही.

आले ते आण्णा. आमचा ऊस लवकर तुटला होता. एका सकाळी शेडच्या दारात उभे, खांद्यावर टॉवेल, हातात टिकाव. भांडण मिटलेलं नव्हतं. "बघू तरी तुजं ताक," एवढंच म्हणाले. मी त्यांना गमबूट दिले, हातमोजे दिले, डोळ्यांवर चष्मा चढवला. त्या चष्म्यात ते इतके वेगळे दिसत होते की मी तोंड फिरवून हसले.

आणि मग आम्ही जे केलं ते फक्त आमच्यासारखेच लोक करू शकतात. ढिगाकडे बघितल्यावर आम्हा दोघांनाही शेणखत दिसलं. खताचा उकिरडा उकरताना वरचं कुणी घेत नाही. वरचं कच्चं, तळाचं जुनं, मुरलेलं, काळं सोनं. आम्ही एकमेकांना काही विचारलंही नाही. सरळ पायथ्याला टिकाव घातला, खोल आत शिरलो आणि अगदी तळाचा माल काढून ड्रममध्ये टाकला. टाकल्याबरोबर ड्रम फसफसला. फेस वर आला, काठावरून खाली आला, हौदात पसरला. चुलीवरचं दूध उतू जावं तसं. आण्णांनी हात जोडले. आमच्याकडे दूध उतू जाणं शुभ.

"लागलं वाटतं," ते म्हणाले.

मलाही क्षणभर तसंच वाटलं. फेस बसला तेव्हा पाणी गढूळ होतं, रंग काहीच नाही. लिटमसचा कागद बुडवून बघितला, ॲसिड संपलेलं. सगळंच्या सगळं. ढिगाखालची जमीन शेठच्या वडिलांनी चुनखडीचा मुरूम टाकून केली होती आणि आम्ही खताच्या हिशेबाने ती चुनखडीच उपसून आणली होती. चुनखडीने आमचं ॲसिड पिऊन टाकलं. तांब्यासाठी काही उरलंच नाही. भट्टीवरची माणसं ही फजिती बघायला मात्र आली. वस्तीवर नानांना कुणी फोन केला ठाऊक नाही, पण संध्याकाळपर्यंत पारावर बातमी होती: ताईचं ताक नासलं.

मला लोक विचारतात, तेव्हा रडलीस का? नाही. मला राग आला. चुकीचा नाही, हसण्याचा. खताचा उकिरडा ओळखणारे हात ज्यांना नाहीत त्यांच्याकडून ही चूक होणारच नाही, हे खरं. पण त्यांच्याकडून पुढची गोष्टही झाली नसती. कारण दुसऱ्या दिवशी आण्णा ढिगाभोवती फिरत राहिले आणि म्हणाले, खत न्हाई तर न्हाई, पन पावसानं कंची बाजू खाल्लीया बघ. मी बघितलं. नैर्ऋत्येची, पावसाच्या माऱ्याची बाजू सगळ्यात हिरवी होती. जे पावसाने आधीच कळकवलेलं, ते ॲसिडात सगळ्यात आधी उतरणार. माझ्या पुस्तकात त्याला मोठं नाव आहे. मी ते आण्णांना सांगितलं, त्यांनी मान डोलावली, आणि आम्ही त्या बाजूची कुदळणी सुरू केली.

या वेळी फेस आला नाही. ढवळता ढवळता पाण्याला आधी हिरवी छटा आली, मग ते निळं झालं. डाळिंबावर मारायच्या मोरचुदासारखं निळं. शेडच्या पत्र्याच्या भोकातून ऊन ड्रममध्ये पडत होतं आणि तळातून कुणी दिवा लावावा तसा तो रंग वर येत होता. तोंडात नाणं धरल्यासारखी चव हवेत. मी पाणी गाळलं आणि भंगारातलं लोखंड शोधू लागले. आण्णांनी पिशवीतून नांगराचा फाळ काढला. झिजलेला, आता ट्रॅक्टरमुळे नुसता माळ्यावर पडलेला. म्हणाले, भंगारच हाय, घाल. मी त्याला तार बांधून सोडला.

चहा होईपर्यंत फाळ लाल झाला होता. वर काढला तर नव्या घागरीसारखा रंग. बोटाने खरवडलं तर पोपडा सुटला, ओला, लालभडक. आण्णांनी तो हातमोज्यावर घेतला आणि उजेडात धरला. मला वाटलं, आता म्हणतील तांबं निघालं. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"ह्ये समदं हिरीत उतरलं आसतं?"

मी म्हटलं, हो. हळूहळू.

त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा लावला आणि टिकाव उचलला.

लोखंडाची ही गंमत आहे की ते तांब्याला वर बसवतं आणि स्वतः पाण्यात उतरत जातं. मी हे कुठे सांगितलं की लोक लगेच गळा दाटून म्हणतात, अगदी आई-बापासारखं, नाही? स्वतः विरघळायचं आणि पोरांना वर आणायचं. मला ही तुलना सहन होत नाही. माझा बाप विरघळलेला नाही. तो समोर उभा राहून माझ्याशी भांडला, चुकीच्या जागी टिकाव घातला, बरोबर जागी घातला, आणि त्याच रविवारी वस्तीवर जाऊन, त्याच पारावर उभा राहून त्याने स्वतःचा शब्द स्वतः मागे घेतला. ते काम विरघळण्याहून अवघड आहे. आई सांगते, नाना म्हणाले, पोरीपुढं नांगी टाकली का? आण्णा म्हणाले, व्हय, टाकली. पानी तुजीबी नातवंडं पित्यात.

फेब्रुवारी संपता संपता उन्हं तापली. आमच्या शेडमध्ये तांब्याचा लाल गाळ वाळत होता. उरलेलं आंबट पाणी शांत करायला आम्ही तळाची तीच चुनखडी वापरत होतो. जिने आमचं ॲसिड पिऊन टाकलं, तिलाच कामाला लावली. एक थेंब कुंपणाबाहेर गेला नाही. शेठनी तो लाल गाळ आपल्याच भट्टीत वितळवला आणि गार झालेली लगड हातात घेऊन माझ्याकडे असं बघितलं, जणू ती मी चोरून आणली होती. मग म्हणाले, "ढीग राहू दे."

त्याच आठवड्यात पट्टा पडला. नाना ट्रॉल्या घेऊन आलेच. रिकाम्या ट्रॉल्यांचा खडखडाट मला लांबून कळला. शेठनी त्यांना चहा पाजला आणि परत जायला सांगितलं. नाना मागे, शेडपाशी आले. बाजूला ताडपत्रीवर धुऊन काढलेला गाळ होता, राखाडी, तांबं गेलेला. त्यांनी तो बघितला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलले.

"ताई, ह्येच्यातलं इख तर तू काढलंस न्हवं? मंग ह्ये तरी दे. ट्रॉल्या रिकाम्या कशाला नेऊ?"

आवाजात टोमणा नव्हता. खरं तर मागणंच होतं, आणि तेच जास्त जड गेलं. टोमण्याला उत्तर देता येतं. वस्तीची सगळी माणसं, दप्तर डोक्यावर घेतलेली पोरं, बांधावर वाळणारा ऊस, सगळं त्या ट्रॉल्यांच्या मागे उभं होतं. आणि मला सांगावं लागलं की शिसं अजून यातच आहे, नाना. तांबं निघालं म्हणून हे शुद्ध झालं नाही. न्हाई देनार.

नानांनी ट्रॉल्या वळवल्या. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरी आले नाहीत.

आज डोंगर बराच खचलाय. शेड पक्की झाली आहे, हाताखाली माणसं आहेत, तीच भट्टीवरची. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी एकच वाक्य पाठ करायला लावते, पाण्यात ॲसिड, ॲसिडात पाणी नाही. शिसं असलेला गाळ बंद पिंपांतून परवानगी असलेल्या ठिकाणी जातो. कुंपणाशी हिरवा ओघळ होता तिथे गेल्या पावसाळ्यात गाजरगवत उगवलं. ते उपटायचं नाही असं मी सांगून ठेवलंय, आणि लोक मला वेडी समजतात.

रस्ता मात्र झाला नाही. अर्ज दिले, पंचायतीत भांडले, अजून भांडते. दर हंगामात दोन-चार ट्रॉल्या रुततात आणि रुतल्या की माझं नाव निघतं. वस्तीवर त्या शेतरस्त्याला आता ताईचा रस्ताच म्हणतात. ताईच्या रस्त्याला ट्रॉली फसली. ताईच्या रस्त्यानं नगं, बांधावरनं ये. पोरं तर हे नाव शिवी आहे हे विसरूनही गेलीत.

यंदा मळीचा वास घेत घेत मी वळणावर पोचले तर नानांची ट्रॉली रुतलेली. चाक तुंब्यापर्यंत, म्हणजे निम्मं, चिखलात. मी स्कूटी डांबरीला लावली, चपला हातात घेतल्या आणि उतरले. चिखल गार होता, ओळखीचा. नाना चाकाखाली पाचट सारत होते. मला बघून कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"आली का? बग तुजा रस्ता."

मी म्हटलं, "व्हय, माजाच हाय."

आणि पाचटाचा दुसरा भारा उचलला. ट्रॉली निघाली तेव्हा आम्ही दोघंही गुडघ्यापर्यंत काळे झालो होतो. नाना विहिरीवर गेले, पोहरा सोडला, पाणी वर ओढलं. त्यांनी आधी मला ओंजळ करायला लावली आणि मग वरून धार धरली.

पाणी गोड होतं. मी पोट भरून प्याले.

चिखलाला माझं नाव आहे, असू दे. विहिरीला नाही.